हायड्रोजनचं आकारमान दर वेळी जास्त का भरतं? युडिओमीटरबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे: "आमचं कनिष्ठ महाविद्यालय पुण्यात आहे. ५० मि.लि.च्या युडिओमीटरमध्ये (एका टोकाला बंद असलेली, खुणा पाडलेली वायू मोजायची नळी) मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग मुलांकडून करून घेते. ०.०३६५ ग्रॅम मॅग्नेशियमपासून ४१.१ मि.लि. हायड्रोजन मिळाला. पाणी २७ अंश सेल्सिअस होतं, मोबाईलवर हवेचा दाब १०१० हेक्टोपास्कल दिसत होता. गणित केलं की एका मोलचं आकारमान २४.८ लिटर येतं, पुस्तकात २२.४ आहे. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मॅग्नेशियम अशुद्ध असेल का? आणि नळ्या फुटत चालल्या आहेत, तर नवे युडिओमीटर मागवावेत की ब्युरेट (टायट्रेशनची, तोटी असलेली मोजनळी) उलटी करून भागेल?"

मॅडम, मॅग्नेशियमला दोष देऊ नका. फितीवर ऑक्साइडचा थर असेल तर तो आम्लात विरघळतो, पण हायड्रोजन देत नाही. म्हणजे वजन भरतं आणि वायू कमी येतो. तुमचं उत्तर २२.४ पेक्षा खाली आलं असतं तर मी आधी फितीकडे पाहिलं असतं. तुमचं वर गेलंय, तेही दहा टक्क्यांहून जास्त, आणि तिन्ही वेळा सारखंच. हाताची चूक असती तर एकदा वर, एकदा खाली आलं असतं. म्हणजे प्रयोग तुमच्याकडून नीटच झालाय, पाणी मुरतंय ते गणितात. नेमकं सांगायचं तर दाबात.

नळीवर ४१.१ वाचलं, म्हणजे तेवढी जागा वायूने व्यापली आहे, एवढंच कळलं. त्या जागेत हायड्रोजन किती, हे त्याचा दाब आणि तापमान कळल्याशिवाय सांगता येत नाही. आपण सगळे नळी वाचायला खूप जपतो, भिंग घेऊन पाहतो, आणि दाबाचा आकडा मात्र जिथून मिळेल तिथून उचलतो.

पहिली वजाबाकी वाफेची. पाण्यावर गोळा केलेला वायू कधीच कोरडा नसतो. नळीत हायड्रोजन आहे, तशीच पाण्याची वाफही आहे, आणि दोघांनी मिळून दाब तोलून धरलाय. २७ अंशांना पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे या वाफेचा दाब, २६.७ मि.मी. पारा असतो. तुमचे १०१० हेक्टोपास्कल म्हणजे ७५७.६ मि.मी. त्यातून २६.७ गेले की ७३०.९ उरतात. एवढं केलं की तुमचं २४.८ लगेच २३.९५ वर येतं. तुमच्या आकड्यांवरून दिसतं की ही वजाबाकी राहून गेली आहे. पावसाळ्यात पाणी २५ अंशांवर असेल तर बाष्पदाब २३.८ धरा, मे महिन्यात ३५ पर्यंत गेलं तर ४२.२. म्हणजे उन्हाळ्यात ही दुरुस्ती जवळजवळ दुप्पट होते. परदेशी पुस्तकांतली उदाहरणं बहुतेक २० अंशांची असतात, तिथे १७.५ मि.मी.वर भागतं. आपल्याकडे तो आकडा डोळे मिटून वापरू नये. तापमानाप्रमाणे बाष्पदाबाचा तक्ता छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावून ठेवा.

तरीही २३.९५. अजून सात टक्के जास्त. इथेच घोडं पेंड खातं, आणि कारण आहे तुमचा मोबाईल.

मोबाईलवरचं हवामानाचं ॲप जो दाब दाखवतं तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. वेधशाळा असं मुद्दाम करतात. मुंबई, पुणे, महाबळेश्वर इथले दाब जसेच्या तसे नकाशावर मांडले तर नकाशात फक्त डोंगर दिसतील, कमी दाबाचा पट्टा दिसणार नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब "हे ठिकाण समुद्रसपाटीला असतं तर किती भरला असता" असा रूपांतरित करून मांडतात. हवामानाच्या अंदाजासाठी ते योग्यच आहे. तुमच्या नळीला मात्र या रूपांतराशी काही देणंघेणं नाही. नळीतल्या वायूवर पुण्याची हवा दाबते, आणि पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे.

सुरुवातीच्या शेकडो मीटरांत दर १०० मीटरला दाब ११ ते १२ हेक्टोपास्कलने उतरतो. ५६० मीटरला ६२-६३ धरा. म्हणजे ॲप १०१० म्हणत होतं तेव्हा तुमच्या टेबलावर खरा दाब होता ९४८ च्या आसपास, म्हणजे सुमारे ७११ मि.मी. पारा. आता पुन्हा गणित करू.

७११ मधून २६.७ वजा, उरले ६८४.३. हा कोरड्या हायड्रोजनचा दाब. ४१.१ ला ६८४.३ ने गुणा, ७६० ने भागा, मग २७३.१५ ने गुणून ३००.१५ ने भागा. आलं ३३.६८ मि.लि. मॅग्नेशियमचे मोल ०.०३६५ भागिले २४.३०५, म्हणजे ०.००१५०२, आणि एका मोल मॅग्नेशियमला एक मोल हायड्रोजन. भागाकार २२.४ लिटर.

तुमचा प्रयोग पहिल्यापासून बरोबर होता. मुलांना हे जरूर सांगा, कारण तीन वेळा मन लावून केलेला प्रयोग "चुकला" असं वहीत लिहावं लागणं फार वाईट.

हा घोटाळा मुंबईत किंवा पणजीत कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिथे समुद्रसपाटीचा दाब आणि टेबलावरचा दाब एकच. नागपूर तीनशे मीटरच्या आसपास आहे, तिथे साडेतीन टक्क्यांचा फरक पडेल. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर तो चौदा-पंधरा टक्क्यांवर जाईल. आपल्या गावाची उंची ठाऊक नसेल तर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली लिहिलेली असते. शाळेसाठी तेवढी पुरते, फक्त स्टेशन आणि शाळा यांच्यात मोठा चढ नाही एवढं पाहा.

दाब थेट मोजता आला तर उत्तमच. काही मोबाईलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, त्याचं न बदललेलं रीडिंग दाखवणारी ॲप मिळतात, ते रीडिंग चालेल. जुन्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर फोर्टिनचा पाऱ्याचा वायुदाबमापक असतो आणि वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावलेला नसतो. तो सुस्थितीत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आधी खालच्या हस्तिदंती टोकाला पारा जेमतेम टेकवून घ्यायचा, मग व्हर्निअर वाचायचा. पण त्याचीही एक दुरुस्ती आहे. पारा तापला की प्रसरण पावतो आणि स्तंभ उंच दिसतो. २७ अंशांना ७११ च्या आसपासच्या रीडिंगमधून सुमारे ३ मि.मी. वजा करावे लागतात. ही दुरुस्ती न केल्यास उत्तरात अर्ध्या टक्क्याच्या जवळपास फरक पडतो.

अजून एक गोष्ट. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. सकाळच्या आणि दुपारच्या तुकडीने तोच प्रयोग केला आणि दाब एकदाच मोजला असेल, तर दोन तुकड्यांच्या उत्तरांत ०.३ टक्क्यांचं अंतर पडेल. शाळेच्या प्रयोगात ते दिसणार नाही, पण दाब त्या त्या वेळी टिपायची सवय आतापासून लागलेली बरी.

आता पुस्तकातल्या २२.४ बद्दल, कारण मुलं हा प्रश्न विचारणारच. २२.४१४ लिटर हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर, म्हणजे ७६० मि.मी., या स्थितीचा. १९८२ पासून आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणित दाब १ बार ठरवला, तो ७५०.०६ मि.मी. भरतो, आणि त्या दाबाला एका मोलचं आकारमान २२.७१ लिटर होतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त गणितात ७६० घालून उत्तर २२.७ शी ताडून पाहू नका. प्रवेश परीक्षांच्या पुस्तकांत हे दोन्ही आकडे मागेपुढे येतात, त्यामुळे मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पाण्याच्या पातळीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. उत्तर जमलं त्यावरून तुम्ही नळी उंच मोजपात्रात बुडवून आतली-बाहेरची पातळी एक करत असणार. काही प्रयोगशाळांत नळी बीकरमध्ये तशीच स्टँडला अडकवलेली राहते आणि आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा १०-१२ सेंटिमीटर वर उभं असतं. त्या वेळी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, कारण बाहेरची हवा वायू आणि पाण्याचा स्तंभ दोन्ही मिळून तोलते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. १२० मि.मी. पाणी म्हणजे ८.८ मि.मी. पारा, आणि ते वजा करायचे. मुलं हटकून मिळवतात. त्यांना सूत्र पाठ करायला लावू नका, नळी समोर धरून विचारा: पाणी वर का चढून राहिलंय? आत जोर कमी आहे म्हणून. एकदा हे उमगलं की वजाबाकी-बेरीज चुकत नाही.

पातळी एक करायला काचेचं उंच मोजपात्रच हवं असं नाही. फिश टँकच्या दुकानात मिळणारी उंच काचेची बरणीसुद्धा चालते. नळीचं उघडं टोक बोटाने दाबून बीकरमधून उचलायचं, बरणीत बुडवून बोट काढायचं आणि नळी वर-खाली करत दोन्ही पातळ्या डोळ्यांच्या रेषेत आणायच्या. हातमोजे घाला, आम्ल विरळ झालेलं असलं तरी चरचरतंच.

प्रयोगाच्या हातोटीबद्दल थोडं. फित पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, फडक्याने पुसा, मग वजन करा. साध्या तराजूवर ०.०३६५ ग्रॅम मोजायच्या भानगडीत पडू नका. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या तराजूवरही अर्ध्या मिलिग्रॅमची अनिश्चितता राहतेच, आणि एवढ्याशा तुकड्याला ती दीड टक्क्याच्या घरात जाते. त्यापेक्षा घासलेली एक मीटर फित वजन करा. ती साधारण पाऊण ते एक ग्रॅम भरते. मग मोजपट्टीने चार-साडेचार सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि लांबीवरून वजन काढा. फितीची रुंदी सारखी असते, त्यामुळे हे वजन तराजूपेक्षा भरवशाचं निघतं.

तुकड्याची गुंडाळी करून तांब्याच्या बारीक तारेच्या जाळीत अडकवा आणि तारेचं टोक एका भोकाच्या रबरी बुचाला बांधा. नळीत आधी ६ मोलार आम्ल सुमारे १० मि.लि. ओता. त्यावर पाणी नळीच्या आतल्या कडेवरून हळू सोडत काठोकाठ भरा, आम्ल आणि पाणी मिसळू द्यायचं नाही. बूच बसवताना भोकातून थोडं पाणी बाहेर आलं पाहिजे, तरच आत हवा राहिलेली नाही. भोक बोटाने दाबून नळी बीकरमध्ये उलटी करा. आम्ल जड असल्यामुळे सावकाश खाली उतरतं, पाण्यात त्याच्या लाटा दिसतात, आणि ते धातूपर्यंत पोचलं की बुडबुडे सुटतात. तांबं स्वतः आम्लाशी काही करत नाही.

बुडबुडे थांबले की लगेच वाचू नका. ही क्रिया उष्णता सोडते. नळी हाताला कोमट लागत असेल तर वायूही कोमट आहे आणि फुगलेला आहे. बरणीतलं पाणी आदल्या दिवशी भरून खोलीच्या तापमानाला आणून ठेवा, नळी त्यात पाच-दहा मिनिटं उभी राहू द्या, आणि तापमान त्या पाण्याचं घ्या. २७ च्या आसपास एका अंशाची चूक आकारमानात ०.३३ टक्के आणि बाष्पदाबातून आणखी जवळजवळ पाव टक्का भर घालते. नळाचं ताजं पाणी वापरू नका. त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने काचेला चिकटून बसते आणि हायड्रोजनमध्ये जाऊन मिसळते. तारेच्या जाळीला आणि बुचाखाली चिकटलेले बुडबुडे नळीवर टिचकी मारून सोडवून घ्या.

आणि वाचताना दिशा सांभाळा. युडिओमीटरचा शून्य बंद टोकाला असतो, नळी उलटी झाली की तो वर जातो आणि आकडे खाली वाढत जातात. मोजपात्राची सवय झालेली मुलं ४१ आणि ४२ च्या मधलं रीडिंग उलट्या बाजूने मोजतात आणि ४१.१ चं ४१.९ करतात.

तुमच्या तीन चाचण्या सारख्या आल्या, पण त्या एकाच वजनाच्या होत्या. पुढच्या वेळी वजनं बदला. साधारण ०.०१५, ०.०२५ आणि ०.०३५ ग्रॅम घ्या आणि आलेखावर आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर आकारमान मांडा. बिंदू रेषेत येतात का, आणि रेषा शून्यातून जाते का, ते पाहा. दाब, तापमान किंवा बाष्पदाब चुकला असेल तर चूक वायूच्या प्रमाणात वाढते: रेषा शून्यातूनच जाते, फक्त तिचा चढ चुकतो. पण सुरुवातीला हवेचा बुडबुडा अडकला असेल, नळीचा शून्य चुकीचा असेल, मेनिस्कसची (पाण्याच्या वक्र पृष्ठभागाची) चूक असेल, तर प्रत्येक रीडिंगमध्ये तेवढेच मि.लि. जास्त येतात. तेव्हा चढ बरोबर असतो आणि रेषा शून्याच्या वर अक्षाला छेदते. चढ चुकला तर वायुदाबमापकाकडे जा, छेद चुकला तर नळीकडे. एका तासात मुलांचे चार गट हे करू शकतात, आणि चूक शोधायची कशी हे त्यांना स्वतःच्या आकड्यांवरून समजतं. माझ्या मते २२.४ मिळण्यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे.

मेनिस्कसचा उल्लेख आलाच आहे, तर तोही उलगडून सांगतो, कारण पुस्तकांत तो क्वचितच असतो. नळीवरच्या खुणा अनेकदा बंद टोक खाली ठेवून, पाणी भरून पाडलेल्या असतात. पाण्याचा पृष्ठभाग मधे खोलगट आणि कडेला वर चढलेला. खूण खोलगट तळाशी असते, पण मोजलेल्या पाण्यात कडेला वर चढलेलं थोडं पाणीही धरलेलं असतं. आता नळी उलटी केली. पाणी खाली, वायू वर, आणि कडेला चढलेलं पाणी या वेळी वायूच्या जागेत शिरलेलं. आधी जे मोजलं त्यात ते अधिक होतं, आता ते उणं व्हायला हवं. म्हणून दुरुस्ती दुप्पट पडते. ५० मि.लि.च्या नळीचा आतला व्यास ११ मि.मी.च्या आसपास असतो, त्यात कडेचं पाणी साधारण ०.१ मि.लि., म्हणजे दुरुस्ती ०.२ मि.लि., वजा. तुमचे ४१.१ चे ४०.९ होतील आणि उत्तर २२.४ वरून २२.३ वर जाईल. तुमची नळी अशी आहे का, हे तपासायला बंद टोक खाली धरून ४० च्या खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरा आणि वजन करा. २७ अंशांना ४० मि.लि. पाणी हवेत साधारण ३९.८ ग्रॅम भरतं. तेवढंच भरलं तर खुणा सरळ नळीसाठी आहेत, ०.२ वजा करा.

एवढ्या बारकाव्यात का शिरायचं, असं कुणी म्हणेल. या उपकरणाचा इतिहासच त्याचं उत्तर आहे. १७७२ मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ प्रिस्टलीने दाखवलं की नायट्रिक ऑक्साइड हवेत मिसळून पाण्यावर ठेवला की आकारमान घटतं, आणि हवा जितकी "चांगली" तितकी घट जास्त. त्यावरून इटलीत लँड्रिआनी, फोंटाना यांनी हवेचा चांगुलपणा मोजणारी उपकरणं बनवली, आणि युडिओमीटर हे नाव तेव्हाचं. युरोपभर लोक गावोगावची हवा मोजू लागले: ही आरोग्याला बरी, ती वाईट, असे आकडे येऊ लागले. इंग्लंडमधल्याच कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने १७८१ च्या उत्तरार्धात साठएक दिवस लंडन आणि केन्सिंग्टनची हवा मोजली. वायू कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने मिसळायचे, नळी कशी हलवायची, सगळं दर वेळी तंतोतंत सारखं ठेवलं. त्याला हवेत खात्रीचा फरक सापडला नाही. इतरांना जे फरक दिसत होते, ते मोजण्याच्या पद्धतीतले होते. ऑक्सिजनचं त्याने काढलेलं प्रमाण २०.८ टक्क्यांच्या आसपास येतं. आजचा आकडा २०.९५ आहे.

त्याच माणसाने १७८५ मध्ये हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनबरोबर ठिणग्या पाडून संपवत आणला, आणि शेवटी एक छोटासा बुडबुडा उरला, एकूण नायट्रोजनच्या १२० व्या भागापेक्षा जास्त नाही असा. हा बुडबुडा त्याने चुकीत ढकलून दिला नाही, लिहून ठेवला. शंभरावर वर्षांनी, १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी आर्गॉन शोधला, तेव्हा लोकांना त्या बुडबुड्याची आठवण झाली.

दरम्यान व्होल्टाने बंद नळीत विजेची ठिणगी पाडून वायूंचा स्फोट घडवायची युक्ती काढली होती. १८०५ मध्ये गे-लुसॅक आणि हुम्बोल्ट यांनी त्याच पद्धतीने हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात जोडले जातात हे पक्कं केलं, आणि १८०८ मधला आकारमानांचा नियम त्यातून पुढे आला. अकरावीच्या पहिल्या धड्यात मुलं जो नियम शिकतात तो हाच. त्यामुळे तो धडा आणि हा प्रयोग एकाच आठवड्यात घ्या. ठिणगीचा प्रयोग मात्र शाळेत करू नका. हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण साध्या नळीत पेटवलं तर काचेचे तुकडे उडतात, त्यासाठीच्या नळ्या जाड काचेच्या आणि वेगळ्या बनावटीच्या असतात.

काही सहकारी शिक्षक हाच प्रयोग संगमरवर आणि आम्ल घेऊन करायला सुचवतात. पाण्यावर तो करू नका. नेहमीच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जवळजवळ पाण्याच्याच आकारमानाइतका विरघळतो, २५ अंशांना पाऊण पटीहून थोडा जास्त. हायड्रोजन दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून जुने लोक असे वायू पाऱ्यावर गोळा करत. आज शाळेत पारा उघडा ठेवायचा प्रश्नच नाही. गॅस सिरिंज वापरा, नाहीतर पाण्याऐवजी मिठाचं संपृक्त द्रावण थोडं आम्ल घालून घ्या, त्यात कार्बन डायऑक्साइड बराच कमी विरघळतो. साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेल्या कुणाला विचारलंत तर ऑर्सॅटच्या उपकरणाची आठवण निघेल. धुराड्याच्या वायूचे १०० मि.लि. घ्यायचे, आधी कॉस्टिक पोटॅशमधून फिरवून कार्बन डायऑक्साइड काढायचा, मग अल्कलीयुक्त पायरोगॅलॉलमधून ऑक्सिजन, मग अमोनियायुक्त क्युप्रस क्लोराइडमधून कार्बन मोनॉक्साइड, आणि दर वेळी किती घट झाली ते ब्युरेटवर वाचायचं. क्रम बदलून चालत नाही, कारण पायरोगॅलॉल अल्कलीत असल्याने कार्बन डायऑक्साइडही शोषतं आणि क्युप्रस क्लोराइड ऑक्सिजनही शोषतं. त्या ब्युरेटमध्येही साधं पाणी नसतं, आम्लयुक्त क्षारद्रावण असतं, कारण तेच. दुष्काळी पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत मुक्त चुनखडी किती, हे पाहणारा कॅल्सिमीटरही याच घराण्यातला: मातीवर आम्ल टाकायचं आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. कृषी महाविद्यालय जवळ असेल तर मुलांना तो दाखवून आणा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ब्युरेट उलटी करून नक्की भागेल, आणि शाळेच्या बजेटमध्ये मी तेच सुचवीन. एकच अडचण आहे. ब्युरेटवरचा ५० चा आकडा तोटीपाशी नसतो, तोटी आणि ५० ची खूण यांच्यामध्ये काही मि.लि.ची बिनखुणेची जागा असते. उलटी केली की तोटी वर जाते आणि वायू आधी त्या जागेत भरतो. ती जागा मोजून घ्यायची. कोरड्या ब्युरेटची तोटी बंद करून ती सरळ उभी करा, वजन केलेल्या पाण्यातून ड्रॉपरने बरोबर ५० च्या खुणेपर्यंत भरा, उरलेल्या पाण्याचं वजन वजा करा. प्रत्येक ब्युरेटची ही जागा वेगळी निघते, म्हणून काचेवर मार्करने लिहून ठेवा. मग वायूचं आकारमान म्हणजे ती जागा, अधिक ५० उणे रीडिंग, आणि वर सांगितलेले ०.२ वजा. तोटी पीटीएफईची (टेफ्लॉनची) असेल तर चांगलं. काचेची असेल तर ग्रीस ताजं लावा आणि आधी गळतीची चाचणी करा: ब्युरेट पाण्याने भरून उलटी बीकरमध्ये उभी करा, पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी तिथेच आहे का पाहा. पातळी उतरली असेल तर तोटीतून हवा आत येते आहे, ती ब्युरेट टायट्रेशनला ठेवा आणि या प्रयोगाला दुसरी घ्या.